सप्पीराची साक्ष

"उभी राहा. पूर्ण नाव सांग."

"सप्पीरा शांतवन अमोलिक."

वाघचौरे सरांनी चष्मा कपाळावर चढवला, मांडीवरचं बायबल उघडलं आणि एक्स-रे हातात घेतल्यावर डॉक्टर करतात तसा चेहरा केला.

"प्रेषितांची कृत्ये, अध्याय पाचवा. मुलांनो, या अध्यायातली सप्पीरा काय करते?"

"खोटं बोलते!" सगळा वर्ग एका सुरात ओरडला.

"आणि खोटं बोलल्यावर तिचं काय होतं?"

"धाडकन पडते आणि मरते!"

"शाब्बास. तर सप्पीरा, आता सांग, तुझी दुर्बलता कोणती?"

"पण सर, मी खोटं बोलत नाही."

वर्गात खसखस पिकली. सर मात्र हसले नाहीत. त्यांनी समाधानाने मान डोलावली आणि म्हणाले, "बघा. लगेच सुरुवात झाली."

मी तेव्हा दहा वर्षांची होते. नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचं मिशन कंपाउंड होतं. एक दगडी चर्च, एक शाळा, पाळकांचा बंगला आणि कौलारू खोल्यांच्या दोन रांगा. हनोख वाघचौरे सर त्या शाळेचे हेडमास्तर, संडे स्कूलचे सुपरिंटेंडेंट आणि चर्चच्या पंचकमिटीचे चिटणीस होते. त्यामुळे त्यांना दिवसातून तीनदा वेगवेगळ्या कारणांनी सलाम करावा लागे. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकते. पान नाही, विडी नाही, कोणाचा एक पैसा खाल्ला नाही. त्यांना फक्त लोकांना सुधारायचं होतं, आणि आम्ही मुलं पळून जाऊ शकत नव्हतो.

त्या साली ते कुठल्याशा शिबिराला जाऊन आले. 'बालकांना स्वतःच्या दुर्बलतेचं दर्शन' असा शिबिराचा विषय होता. मुलाला आपला दोष दिसला म्हणजे तो प्रभूकडे वळतो, इथपर्यंत शिबिरात शिकवलं होतं. पुढची युक्ती सरांची स्वतःची. आमच्या कंपाउंडात तीनचार पोरं सोडली तर सगळ्यांची नावं बायबलातली. मग दोष शोधत बसायचं कशाला? ज्याचं नाव त्याची दुर्बलता. देवाने आधीच लिहून ठेवलंय, आपण फक्त वाचायचं.

दोन रविवारांत सगळा वर्ग निकालात निघाला. थोमा गोर्डेला शंका घेण्याचा दोष मिळाला. योनाला जबाबदारीतून पळण्याचा. शमशोन नऊ वर्षांचा होता, त्याला स्त्रियांपासून जपायला सांगून मुलींच्या बाकापासून लांब बसवलं. तोवर त्याला मुलींविषयी एवढंच माहीत होतं की त्या लंगडीत आपल्याला हरवतात. मार्थाला कामाच्या व्यापात देवाला विसरण्याचा दोष लागला. तिची आई भर व्हरांड्यात सरांना म्हणाली, "सर, माझी मार्था कामात बुडालेली असती म्हणता? अहो, ती उठून पाण्याचा तांब्या भरत नाही!"

"बाई, दुर्बलता आत असते," सर शांतपणे म्हणाले.

दानीएलची मोठी पंचाईत झाली, कारण बायबलातल्या दानीएलाचा दोषच सापडेना. सरांनी त्याला 'गर्व होण्याचा संभव' असं तात्पुरतं दिलं. त्या दिवसापासून दानीएलला खरोखरच गर्व झाला.

"सर, तुमची दुर्बलता कोणती?" थोमाने एकदा विचारलं. शंका घ्यायची त्याला आता परवानगीच होती.

सरांनी नम्रपणे खाली पाहिलं. "हनोख देवाबरोबर चालला, बाळ. त्याची एकही चूक पवित्र शास्त्रात लिहिलेली नाही. मी पुष्कळ शोधली."

आता माझ्या नावाचं. पपांनी बायबल उघडून डोळे मिटून बोट ठेवलं, ते त्या नावावर पडलं. आमच्यात काही घरांत अशी रीत होती. आईला नाव गोड वाटलं. बाप्तिस्म्याच्या वेळी जुने पाळक हातात पाणी घेऊन थांबले आणि हळूच म्हणाले, "शांतवन, दुसरं एखादं?" पपा म्हणाले, "पाळकसाहेब, बोट पडलं." पाळकसाहेबांनी निःश्वास सोडला आणि पाणी शिंपडलं.

या नावामुळे मी खोटं बोलायला इतकी घाबरत असे की त्याचा घरी वैताग झाला होता. नेवाशाच्या मावशीने एकदा कौतुकाने विचारलं, "सप्पू, भाजी कशी झाली गं?" मी म्हणाले, "खारट." आईने टेबलाखालून चिमटा काढला, तरी माझा इलाज नव्हता. बाकीची मुलं खोटं बोलली तर मार खात. मी बोलले तर थेट मरणार होते. कोणी मला हे धमकी म्हणून सांगितलं नव्हतं. पुस्तकात लिहिलं होतं, आणि ते पुस्तक आमच्या घरात उशापाशी असे.

नाताळाआधीच्या बाल रविवारी प्रत्येक मुलाने मंडळीसमोर उभं राहून आपल्या दुर्बलतेची साक्ष द्यायची, असं सरांनी जाहीर केलं. आदल्या शनिवारी दुपारी चर्चमध्ये तालीम ठेवली. त्याच दिवशी नाताळचा तारा चर्चच्या मनोऱ्यावर चढवायचा होता. तो तारा आम्ही मुलांनी केला होता. बांबूच्या कामट्या, लाल-पिवळा पतंगी कागद आणि घरोघरी शिजवलेली खळ. थोमाएवढा उंच झाला होता. पपा शाळेत शिपाई होते, त्यामुळे शिडी, दोर आणि मनोऱ्यावर चढणं त्यांच्याकडे. पाळकीणबाई मुलांना ओळीत उभं करायला आल्या होत्या. पेटीवर बन्यामीनकाका होते. तारा पुल्पिटच्या, म्हणजे उपदेशाच्या चौथऱ्याच्या, बाजूला भिंतीला टेकवून ठेवला होता.

तालीम झाली. सर म्हणाले, "आता आपण प्रार्थना करू. सर्वांनी डोळे मिटा."

सरांची प्रार्थना म्हणजे मोठा प्रवास असे. सृष्टीच्या उत्पत्तीपासून निघून, पंतप्रधानांना आशीर्वाद मागत, पावसापाण्याची चौकशी करत ती आमच्या कंपाउंडात येई. आणि सर रंगात आले की डोळे मिटलेल्या स्थितीत दोन्ही हात वर करून हळूहळू मागे सरकत. एकदा ते असेच सरकत सरकत बाहेरच्या पायरीपर्यंत गेले होते.

"हे प्रभू," सर म्हणत होते, "या लेकरांना त्यांचे दोष दाखव. त्यांच्या डोळ्यांवरची झापड काढ..."

थोमाने मला कोपराने ढोसलं. मी एक डोळा उघडला. सर तसेच मागे सरकत होते. त्यांची टाच ताऱ्याच्या खालच्या टोकावर आली, मग सगळं वजन आलं. कामटी मोडल्याचा कट्‌ असा आवाज झाला. कागद फाटत वरपर्यंत गेला. सर क्षणभर अडखळले, पाय उचलला आणि म्हणाले, "...त्यांना तुझं सामर्थ्य ऐकू येऊ दे." मग दोन पावलं पुढे येऊन त्यांनी आजाऱ्यांसाठी मागायला सुरुवात केली.

आमेन झालं. सगळ्यांनी डोळे उघडले. तारा आडवा पडला होता, आणि त्याचं एक टोक कोंबडीच्या मोडक्या पायासारखं लोंबत होतं.

सर वळले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "कोणी केलं हे?"

पाळकीणबाई पदराचं टोक नीट करू लागल्या. बन्यामीनकाका पेटीच्या भात्यात काही अडकलंय का ते वाकून बघू लागले. पपा शिडीजवळ खाली मान घालून उभे होते.

"योना, तू दाराजवळ काय करतोयस?"

"मी इथंच उभा होतो सर, सुरुवातीपासनं," योना रडकुंडीला येऊन म्हणाला.

मला राहवेना. योना उगाच अडकत होता, आणि मला तर खरं माहीत होतं. मी हात वर केला.

"सर, तुम्ही केलंत. तुमचा पाय पडला. प्रार्थनेत."



"माझा पाय?" सरांनी आपल्या बुटाकडे पाहिलं. त्यांना खरंच आश्चर्य वाटलं होतं, हे मला आजही शपथेवर सांगता येईल. "आणि तुला ते कसं दिसलं? प्रार्थनेत तुझे डोळे उघडे होते?"

"एक होता सर."

"बरं. आणखी कोणी पाहिलं?" सरांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. "कोणाचे डोळे उघडे होते?"

आता हा प्रश्न भर चर्चमध्ये, पाळकीणबाईंसमोर विचारल्यावर हात कोण वर करणार? मी थोमाकडे पाहिलं. तो कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला आणि म्हणाला, "सर, मला शंका आहे."

"ती असणारच," सर म्हणाले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. "सप्पीरा, सप्पीरा. मी तुला काय शिकवलं होतं, आणि तू काय करून दाखवलंस!"

संध्याकाळी सर आमच्या घरी आले. आईने घाईघाईने खुर्चीवरचे कपडे उचलले आणि चहा टाकला. सर कधी कोणा शिपायाच्या घरी चहाला बसत नसत. पपा भिंतीला पाठ लावून उभेच राहिले.

"शांतवन, मी रागावलेलो नाही," सर म्हणाले. "तारा काय, पुन्हा करता येईल. पण लेकराचा आत्मा? तिच्या हातून टोक मोडलं असेल, ती घाबरली असेल, माझ्यावर ढकललं. मी क्षमा केलीय. फक्त उद्या तिने साक्षीत कबूल करावं. मी खोटं बोलते, सरांवर खोटा आळ घेतला, एवढंच."

"लहान आहे सर ती," पपा म्हणाले.

"लहानपणीच वळवायचं असतं." सरांनी बशीत चहा ओतला. "तुझं ते कायम होण्याचं प्रकरण मी मिशनकडे पाठवतोय या आठवड्यात. शिफारस लिहायची आहे. मी लिहीनच म्हणा, तुझं काम चांगलंच आहे. पण घरचं वळणही विचारतात रे."

यात धमकी नव्हती. सर धमकी देणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी दोन गोष्टी एकाच बशीत ठेवल्या आणि फुंकर घालून प्यायले, एवढंच. पपा आठ वर्षं तात्पुरते होते. दर उन्हाळ्यात त्यांची नोकरी सुटे आणि जूनमध्ये सरांच्या मर्जीने पुन्हा लागे. मधल्या दोन महिन्यांत आम्ही काय खायचो हे आईला माहीत होतं.

सर गेल्यावर मी पपांजवळ गेले.

"पपा, मी नाही मोडला."

"हं."

"तुमचा विश्वास आहे ना माझ्यावर?"

पपांनी सरांची बशी उचलली आणि मोरीकडे नेली. तिथूनच म्हणाले, "सप्पू, म्हणून टाक ना गं. दोन शब्द तर आहेत."

"पण ते खोटं आहे."

"असू दे. एवढ्या तेवढ्यानं काय होतंय?"

मी तिथे उभी राहिले. काय होतं ते पपांना माहीत असायला हवं होतं. बोट त्यांचंच पडलं होतं. पण मला वाटलं, ते शिपाई आहेत, शिकलेले कमी, कदाचित पाचवा अध्याय त्यांनी वाचला नसेल. सांगितलं तर ते मला जाऊ देणार नाहीत, आणि मग त्यांचं काम होणार नाही.

"मी म्हणाले तर तुम्ही कायम व्हाल?" मी विचारलं.

"होईन बहुतेक."

"मग म्हणते," मी म्हणाले.

सकाळी मी पोटभर न्याहारी केली. कंपासपेटी धाकट्या भावाला देऊन टाकली. तो इतका चकित झाला की आईकडे खात्री करायला गेला. मग मी नाताळासाठी शिवलेला नवा फ्रॉक मागितला.

"अगं, नाताळाला काय घालशील?" आई म्हणाली.

"आजच घालते."

आईला वाटलं मला साक्ष द्यायची म्हणून नटायचंय. तिने फ्रॉक काढून दिला, दोन वेण्या घातल्या आणि पाठीवर थोपटलं. मी तिच्या पोटाला मिठी मारली आणि जरा जास्त वेळ मारून ठेवली. "चल, सोड, उशीर होतोय," ती म्हणाली.

चर्च भरलं होतं. तारा रातोरात चिकटवून बाहेर लावला होता, एक टोक जरा कललेलं. पाळकसाहेबांनी सुरुवात करून दिली आणि साक्षी सुरू झाल्या. घरोघरी आईबापांनी तालीम घेतलेली कळत होती. दानीएल छाती पुढे काढून म्हणाला, "माझी दुर्बलता अशी की मला माझी दुर्बलता सापडत नाही." मागच्या बाकावरून कोणी तरी हालेलुया म्हणालं. मार्था म्हणाली, "मी फार काम करते, माझ्यासाठी प्रार्थना करा." तिची आई खिडकीबाहेर बघत राहिली. शमशोन 'स्त्रिया' एवढाच शब्द बोलला आणि भोकाड पसरून रडला.

"सप्पीरा अमोलिक," सर म्हणाले.

मी वर गेले. आधी खाली बघून घेतलं. पायरीच्या कडेवर पडले असते तर डोकं फुटलं असतं, म्हणून दोन पावलं आत सरकले, जिथे सतरंजी होती. फ्रॉक गुडघ्याखाली ओढला. सगळ्या बायकांत आई कुठे बसलीय ते शोधलं. पपा दारापाशी उभे होते. त्यांच्याकडे बघून मी मोठ्याने म्हणाले:

"माझं नाव सप्पीरा. माझी दुर्बलता खोटं बोलणं. काल मी वाघचौरे सरांवर खोटा आळ घेतला. ताऱ्याला त्यांचा पाय लागला नव्हता."

आणि डोळे मिटून घेतले.

जन्मात पहिल्यांदाच मी खोटं बोलले होते, आणि तेही देवाच्या घरात, पुल्पिटच्या बाजूला उभी राहून. मिटलेल्या डोळ्यांसमोर लाल-पिवळं दिसायला लागलं. मला वाटलं, हेच ते, सुरुवात झाली. खूप दुखणार नाही असं मला वाटत होतं, कारण पुस्तकातली सप्पीरा काही ओरडली नव्हती. मी वाट बघत राहिले.

"आमेन!" कोणी तरी गदगदून म्हणालं.

मी डोळे उघडले. समोर हात पसरून वाघचौरे सर उभे होते. स्वर्गात सगळ्यात आधी सरच भेटतील असं मला वाटलं नव्हतं.

"पाहा!" सर मंडळीला म्हणत होते. त्यांच्या गालांवरून आसवं ओघळत होती. "पाहा, सत्य कसं मुक्त करतं!"

सगळ्यात मनापासून दिलेल्या साक्षीसाठी मला पहिलं बक्षीस मिळालं. स्टीलचा जेवणाचा डबा, तीन कप्प्यांचा. तो हातात घेऊन मी खाली आले. मी जिवंत होते, आणि मला काहीच कळत नव्हतं. इतकी वर्षं मी मावशीच्या भाजीला खारट म्हणत आले होते, ते कशासाठी?

रविवारची भक्ती संपल्यावर बाहेर चहा आणि केक होता. पाळकीणबाईंनी मला हळूच बाजूला घेतलं, केकचा मोठा तुकडा हातावर ठेवला आणि कानाशी येऊन म्हणाल्या, "बाळ, मी पाहिलं होतं काल. सरांचाच पाय. पण पाळकाच्या बायकोचे डोळे प्रार्थनेत उघडे म्हटल्यावर लोक काय म्हणतील, सांग बरं? तू शहाणी आहेस."

मी शहाणी आहे असं मला कोणी आधी म्हटलं नव्हतं. मी केक खाल्ला.

थोड्या वेळाने बन्यामीनकाका डबा बघायच्या निमित्ताने आले. कप्पे उघडून बघत खालच्या आवाजात म्हणाले, "आमेन कधी येतंय ते बघायला पेटीवाल्याला डोळे उघडेच ठेवावे लागतात, पोरी. पण ते कुठं सांगायचं असतंय का?"

आणि थोमा तर चिडूनच म्हणाला, "मग मी तुला ढोसलं कशाला होतं? बघ म्हणूनच ना!"

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुझ्या नावाला शोभेल असं तू केलंस, माझ्या नावाला शोभेल असं मी केलं," थोमा म्हणाला आणि माझ्या केकचा उरलेला तुकडा घेऊन पळाला.

आई भावाला घेऊन पुढे गेली होती. पपा आणि मी शाळेच्या मागच्या वाटेने निघालो. मला कधी एकदा सांगते असं झालं होतं.

"पपा, मी खरं बोलत होते! पाळकीणबाईंनी पाहिलं. बन्यामीनकाकांनी पण. थोमानी पण. आता तुमचा विश्वास बसेल ना?"

पपा चालत राहिले. "मला माहीत आहे."

"तुम्हाला कोणी सांगितलं? काकांनी?"

"कोणी नाही." ते हौदाशी थांबले. "मीपण बघितलं होतं, सप्पू."

मला आधी ते कळलंच नाही. मग कळलं, आणि हातातला डबा एकदम जड वाटायला लागला. मी तो हौदाच्या कठड्यावर ठेवला.

"काल, बशी धुताना, तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"मग मी आज मरणार होते, पपा," मी म्हणाले. "खोटं बोलले की सप्पीरा मरते. मी मरायला तयार होऊन आले होते. कंपासपेटी पण देऊन टाकली. तुम्ही कायम व्हावं म्हणून."

पपांनी माझ्याकडे पाहिलं. नवा फ्रॉक पाहिला, वेण्या पाहिल्या. त्यांचं तोंड वाकडं झालं, आणि दोन माणसांचं ओझं एकट्याने उचलणारा माझा बाप हौदाच्या कडेला मटकन खाली बसला आणि रडू लागला. मोठा माणूस असा आवाज करून रडतो हे मला माहीत नव्हतं. मला त्यांचा फार राग आला होता, आणि फार कीवही आली. दोन्ही एकदम येऊ शकतात हे मला त्या दिवशी समजलं.

"माझ्यासाठी?" ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "माझ्यासाठी, पोरी?"

मग त्यांनी हौदातलं पाणी तोंडावर मारलं, शर्टाच्या बाहीने पुसलं आणि माझा हात धरला. घराच्या वाटेला न लागता आम्ही उलटे फिरलो.

सर नुकतेच घरी पोचले होते. व्हरांड्यात खुर्चीवर बसून बुटांच्या नाड्या सोडत होते. आम्हाला बघून त्यांचा चेहरा उजळला.

"ये, ये शांतवन. पोरीने आज सगळी मंडळी रडवली बघ."

पपा पायरीखालीच उभे राहिले. माझा हात त्यांनी सोडला नव्हता.

"सर, तारा तुमच्या पायानं मोडला. माझी पोर खरं बोलली. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय."

सरांनी नाडी हातात तशीच धरली. पाठीमागच्या खोलीत रेडिओ चालू होता, कोणी तरी तो बंद केला. सरांनी आपल्या बुटाकडे पाहिलं. आपण मागे सरकलो होतो का, बुटाखाली काही आलं होतं का, ते आठवून बघत असावेत, असं मला वाटलं. आता ते सॉरी म्हणतील, अशी मी वाट बघत होते. शेवटी त्यांनी मान वर केली. चेहऱ्यावर कालचंच दुःख होतं.

"शांतवन," ते म्हणाले, "प्रार्थनेत तुझे डोळे उघडे होते?"

"होते सर."

"का?"

"माझ्या पोरीकडं बघत होतो," पपा म्हणाले. "हात जोडून उभी होती. चांगली दिसत होती."

सरांनी हळहळून मान हलवली. एक बूट पायात, एक सुटलेला, अशा अवस्थेत ते उठले. "तुझ्यासाठी मला प्रार्थना केली पाहिजे," ते म्हणाले, आणि तिथल्या तिथे डोळे मिटून, दोन्ही हात वर करून त्यांनी सुरुवात केली. "हे प्रभू, सृष्टीच्या उत्पत्तीपासून तू मानवाची दुर्बलता पाहत आला आहेस..."

पपांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. मग आम्ही वळलो, आवाज न करता फाटकाची कडी काढली, आणि सर पंतप्रधानांपर्यंत पोचायच्या आत घराच्या वाटेला लागलो.